नंबर प्लेट लावा, गाडीला मुसकं बांधू नका

माझं दुकान वेल्डिंगचं. वर्षभर ट्रॉलीची फाळकी, वावराचे गेट, डवऱ्याची डागडुजी असं काही ना काही चालू असते, पण फेब्रुवारी सरला की सगळं बाजूला सारून नुसते कूलर. कारंजा लाडच्या अलीकडे फाट्यावर बसतो मी, अन् इकडचा उन्हाळा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. तर मला हवेतलं जे काही समजते ते कूलरनं शिकवलेलं आहे, म्हणून लेख स्पोर्ट्स कारच्या नंबर प्लेटवर असला तरी सुरुवात कूलरपासून करतो, दोन मिनिटं दम धरा.

कूलरच्या तीन बाजूंना गवताच्या जाळ्या असतात, पंखा आतून हवा ओढते. आता त्या जाळीला अगदी चिकटवून एखादा पाट उभा केला तर पाटामागची जाळी मेली, तिथून हवा येणार नाही. तोच पाट हातभर लांब ठेवा, कूलरला कळतही नाही, हवा पाटाला वळसा घालून मागून जाळीत शिरते. पाट तोच, माप तेच, फक्त अंतर बदललं. दुसरी गोष्ट आपल्या घरात सगळ्यांनी अनुभवली आहे, कूलर फुल्ल स्पीडवर लावला अन् समोरची खिडकी बंद ठेवली की हवा लागतच नाही, नुसतं चिपचिप होते, कारण आत आलेल्या हवेला निघायला वाट नाही. हवा आत येते ती फक्त तोंड मोठं आहे म्हणून नाही, तर मागून वाट मोकळी आहे म्हणून येते. गाडीच्या तोंडाचं गणित या दोन गोष्टींतच आहे.

झालं असं की मे महिन्यात भर दुपारी भाचा आला. पुण्याला नोकरीला आहे, तिथंच त्यानं एक सेकंडहँड दोन दाराची टर्बो पेट्रोल गाडी घेतली, लाल रंगाची, जमिनीला लागलेली, गावातल्या स्पीड ब्रेकरवर तिरपी करून काढावी लागते तशी. समृद्धी महामार्गानं आला, अन् उतरल्या उतरल्या पाणी प्यायच्या आधी गाडीचंच रडगाणं.

"मामा, काटा मधाच्या वर जाऊन राह्यला, एसीही कोमट, अन् ओढच नाही ना गाडीले, मेल्यासारखी चालते."

"अबे, इथं माणसं मेल्यासारखी चालून राह्यली, ते तर लोखंड होय."

पण भाचा म्हणजे आपल्याकडं मानाचा, त्याला जेवू घालून सावलीत बसवलं अन् मी गाडीच्या पुढं जाऊन उकिडवा बसलो. पाहतो तर खालच्या बंपरचं जे रुंद तोंड असते, हवा घ्यायचं, त्याच्या बरोबर मधोमध नंबर प्लेट ठोकलेली. तीही नुसती प्लेट नाही, चारी बाजूनं बोटभर बाहेर आलेली जाड काळी प्लास्टिकची फ्रेम, त्याच्यात प्लेट, अन् ती फ्रेम ग्रिलच्या जाळीत दोन स्क्रू मारून अगदी चिकटवलेली. जिथून गाडी घेतली तिथल्या पोरानं पाच मिनिटांत लावून दिली म्हणे. डवरणीच्या वेळी बैलानं पीक खाऊ नये म्हणून मुसकं बांधतो आपण, पण तेही दोरीच्या जाळीचं असते, बैलाला श्वास घेता येते. याचं मुसकं ठोकळ्याचं होतं.

आता हे समजायला आधी गाडी हवा कशाकशाला घेते ते पाहू, कारण "हवा अडते" असं सगळे म्हणतात पण कोणती हवा ते कोणी सांगत नाही. पहिली हवा म्हणजे इंजिनाचा स्वतःचा श्वास, जी पेट्रोलसोबत जळते. ती लागते त्यामानानं थोडी. दोन लिटरचं साधं इंजिन ६००० आरपीएमवर मिनिटाला साधारण ६००० लिटर, म्हणजे सेकंदाला १०० लिटर हवा पिते, टर्बो असली तर धरा दुप्पट. अन् तिची नळी बऱ्याच गाड्यांत वर, बोनेटच्या काठाशी असते. प्लेटमुळं इंजिनाचा श्वास कोंडला असं क्वचितच होते. दुसरी हवा रेडिएटरची, म्हणजे इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या जाळीची, ती त्याच्या कितीतरी पट जास्त लागते, कारण पेट्रोल जाळून जी शक्ती निघते तिच्यातला ढोबळ मानानं तिसरा हिस्सा चाकाला मिळते, तिसरा सायलेन्सरमधून जाते अन् तिसरा पाण्यात, अन् हा पाण्यातला हिस्सा हवेनंच उचलून न्यायचा असते. रेडिएटरच्या पुढं एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस थंड करणारी जाळी असते, म्हणून एसी कोमट होणं ही पुष्कळदा पहिली खूण.

तिसरी हवा टर्बो गाड्यांची, इंटरकूलरची, अन् स्पोर्ट्स कारमध्ये खरी मेख इथंच आहे. टर्बो म्हणजे हवा दाबून भरणारा पंप. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड गरम लागते ना, तेच इथं होते, दुप्पट दाबली की ४५ डिग्रीची हवा १०० च्या वर सहज जाते. गरम हवा म्हणजे पातळ हवा, शिवाय त्यानं इंजिनात ठोका बसायचा, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटायचा धोका, म्हणून मधात इंटरकूलर नावाची जाळी लावून ती हवा थंड करतात. ती जाळीच कोंडली तर गाडीचा कॉम्प्युटर घाबरून टायमिंग मागं घेते म्हणजे ठिणगी उशिरा टाकते, बूस्ट म्हणजे टर्बोचा दाब कमी करते, अन् ड्रायव्हरला वाटते गाडी मेली. ती मेलेली नसते, स्वतःला वाचवून राहिलेली असते. भाच्याच्या गाडीत प्लेटच्या बरोबर मागं इंटरकूलर चमकत होता, टॉर्च मारल्यावर दिसला.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, ब्रॅकेट, क्लिप, चुंबक वगैरे शोधायच्या आधी मोबाइलचा टॉर्च लावून तोंडातून आत पाहा, कशामागं काय आहे. सगळ्या गाड्यांचं नाक एका जागी नसते. पोर्शे ९११ चं इंजिन मागं असते अन् तिचे रेडिएटर पुढच्या दोन कोपऱ्यांत, चाकांच्या पुढं. काही मॉडेलांत तिसरा रेडिएटर मधात असते तेवढं सोडलं तर मधातल्या प्लेटनं तिचं फारसं बिघडत नाही. सुबारू इम्प्रेझाचा टर्बोचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला, म्हणून बोनेटवर ते नाकपुडीसारखं भोक, तिथं खालची प्लेट इंटरकूलरला आडवीच येत नाही. उलट मित्सुबिशी लान्सर इव्होचा इंटरकूलर बंपरच्या तोंडातच, म्हणून जपानात बऱ्याच इव्होंची प्लेट मधात न लावता एका बाजूला सरकवलेली दिसते. बऱ्याच अल्फा रोमिओंचीही बाजूला असते, पण ते मधातली ढालीसारखी ग्रिल दिसावी म्हणून, तिथं हवेपेक्षा नखरा जास्त.

आता मापं. आपली कारची हाय सिक्युरिटी प्लेट ५०० बाय १२० मिलिमीटर, नाहीतर ३४० बाय २००. पहिलीचं क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर, दुसरीचं ६८०. अमेरिकेतली प्लेट १२ बाय ६ इंच, म्हणजे ४६५ च्या आसपास, जपानची ३३० बाय १६५, म्हणजे ५४५. याचा अर्थ तिकडच्या व्हिडिओत जे ब्रॅकेट मस्त बसलेलं दिसते ते आपल्या लांबलचक प्लेटला तसंच बसेल असं समजू नका, शिवाय अमेरिकेत कितीतरी राज्यांत पुढं प्लेट लागतच नाही, त्यांचं सुख वेगळं. भाच्याच्या गाडीचं खालचं तोंड मी टेपनं मोजलं, ८० बाय १६, म्हणजे १२८० चौरस सेंटिमीटर. फ्रेम ५३ बाय १४, म्हणजे ७४२. अर्ध्याहून जास्त तोंड बंद. अन् यातले दीडशेच्या जवळपास चौरस सेंटिमीटर नुसत्या फ्रेमचे, जिचं काम काय, तर विकणाऱ्याची जाहिरात.

पण थांबा, तोंड अर्धं बंद झालं म्हणून हवा अर्धी झाली असं नाही, इथं बहुतेक लोक फसतात. कूलरची खिडकी आठवा. गाडीत हवेला खरी अडचण तोंडात नसते, रेडिएटरच्या बारीक पापुद्र्यांत असते, अन् नंतर इंजिनाच्या भोवतालून खाली निघून जायच्या वाटेत असते. तोंड थोडं लहान झालं तर हवा जरा वेगानं शिरते अन् काम भागते. चांगल्या गाड्यांत तोंड रेडिएटरपेक्षा बरंच लहान ठेवतात, कारण विनाकारण आत शिरलेली हवा गाडीला मागं ओढते, पेट्रोल खाते. म्हणून साध्या घरगुती गाडीत, अल्टो म्हणा की क्रेटा म्हणा, प्लेट मधात असली तरी काही होत नाही, कंपनीनं ते धरूनच गाडी बनवलेली असते. गाडी गरम होते म्हणून प्लेट सरकवायला निघालेले लोक मी पाहिलेत, अन् निघते काय तर रेडिएटरमध्ये साचलेलं कुटार. सोयाबीनच्या थ्रेशरजवळ ट्रॅक्टर उभा असला की अर्ध्या तासाला जाळी झाडावी लागते, ते सगळ्यांना माहीत आहे, पण कारलाही रेडिएटर आहे अन् तीही त्याच रस्त्यानं गेली, कापसाच्या गाड्यांमागून गेली, हे ध्यानात राहत नाही. आधी जाळी धुवा, पाण्याची पातळी पाहा, पंखा चालू होते का पाहा. प्लेटचा नंबर त्याच्या नंतर.

मग प्लेट केव्हा नडते? जेव्हा तोंड लहान, मागं लगेच इंटरकूलर, अन् प्लेट तोंडाला चिकटून. कारण असं की गाडी पळते तेव्हा तिच्या नाकासमोर हवा येऊन अडते अन् तिथं दाब तयार होते. तो दाब वेगाच्या वर्गानं वाढते, वेग दुप्पट तर दाब चौपट. आपल्या भागातली उन्हाळ्याची हवा धरली तर ताशी १२० किलोमीटरला हा दाब पाण्याच्या उंचीत मोजला तर फक्त सहा सेंटिमीटर भरते, अन् ६० ला तर दीडच सेंटिमीटर. म्हणजे पुरी भांडवल एवढीच, सहा सेंटिमीटर पाणी, याच्यातूनच ग्रिल, इंटरकूलर, कंडेन्सर, रेडिएटर सगळ्यांतून हवा ढकलायची. प्लेट आडवी आली की दाब प्लेटच्या तोंडावर बसते अन् तिच्या मागं भोवरा तयार होते, पुलाच्या खांबामागं पूर आला की पाणी कसं गोल गोल फिरते, काडीकचरा तिथंच घुटमळते, तसं. त्या भोवऱ्यात जोर नसते. प्लेट चिकटलेली असली तर इंटरकूलरला वाट्याला हा मेलेला भोवराच येते. तीच प्लेट तीन-चार सेंटिमीटर पुढं काढली तर कडेनं हवा वळून आत यायला लागते, पूर्ण नाही पण बऱ्यापैकी, अन् प्लेट तोंडासमोरून वर-खाली काढता आली तर मग प्रश्नच मिटला.

त्यात उन्हाळ्याचा मार वेगळा. रेडिएटर किती उष्णता फेकते ते पाणी अन् हवा यांच्या तापमानातल्या फरकावर असते. पाणी ९५ डिग्री धरा. डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडं १२ डिग्री असते, फरक ८३. मेच्या दुपारी ४५, फरक ५०. म्हणजे तोच रेडिएटर, तीच गाडी, तोच वेग, अन् उन्हाळ्यानं एकट्यानं चाळीस टक्के ताकद खाऊन टाकली, वरून एसीचा भार. पुण्याच्या पावसाळ्यात ती प्लेट भाच्याला कधी नडली नाही याचं कारण हेच. तिकडं गाडीजवळ शिल्लक होती, इथं आल्यावर खडखडाट.

मी म्हटलं, बोलून काय उपयोग, मोजून पाहू. गवंडी लोक लेवल काढायला जो पारदर्शक पाइप वापरतात तो आणला, यू आकारात वाकवून एका फळीवर बसवला, मधात निळी शाई टाकलेलं पाणी. पाइपाचं एक टोक ग्रिलमधून इंटरकूलरच्या पुढं बांधलं, दुसरं त्याच्या मागं, तोंडं हवेच्या रोखानं नाही तर आडवी ठेवली, अन् फळी आत सीटजवळ. दोन्ही बाजूच्या पाण्यात जेवढा फरक तेवढा जोर हवेला आत ढकलून राहिला असं समजायचं. भाचा गाडी चालवे अन् मी पाणी पाहू, चालवणाऱ्यानं पाण्याकडं पाहायचं नाही हे आधीच बजावलं. प्लेट होती त्या जागी असताना समृद्धीवर १२० ला पाणी जेमतेम दीड सेंटिमीटर उचललं. परत येऊन फ्रेमचे ते दोन स्क्रू सोडले, दोन लांब बोल्टांनी तीच प्लेट चार सेंटिमीटर पुढं काढून कामचलाऊ बसवली, पुन्हा गेलो, तर सव्वादोनच्या जवळ. लोक महागडी मीटरं घेतात, आमचं पाइप अन् शाईत भागलं. ज्याला हे नको त्यानं ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या खाचेत, लागणारं ब्लूटूथचं यंत्र घ्यावं अन् मोबाइलवर इंजिनात जाणाऱ्या हवेचं अन् पाण्याचं तापमान पाहावं, फक्त आधीचं अन् नंतरचं एकाच रस्त्यावर, एकाच वेळेला, एसी सारखाच ठेवून, नाहीतर सकाळचं अन् दुपारचं ताडून काहीही सिद्ध करता येते.

आता लावायची कुठं. इथं माझा एकच नियम आहे, आंधळी जागा शोधा. बंपरच्या प्लास्टिकमागं टक्कर झेलायला एक आडवा बीम असते, लोखंडाचा नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा, बहुतेक गाड्यांत वरच्या अन् खालच्या तोंडाच्या मधात. त्याच्यासमोर हवा तशीही आत जात नाही, तिथं प्लेट फुकट आहे, हवेचा एक थेंबही खर्च होत नाही. दुसरं म्हणजे आजकालच्या बऱ्याच गाड्यांत वरची अर्धी ग्रिल खोटी असते, नुसती जाळीची डिझाइन, मागून बंद. तीही फुकट जागा. टॉर्चनं दोन मिनिटांत कळते. भाच्याच्या गाडीत बीमसमोरचा पट्टा ९ सेंटिमीटरचा निघाला अन् प्लेट १२ ची, म्हणजे प्लेट वर सरकवली तर फक्त ३ सेंटिमीटर खालच्या तोंडावर लोंबणार. ५० बाय ३, दीडशे चौरस सेंटिमीटर, आधी होते ७४२. याच्याहून सोपा सौदा नाही.

पण भाच्याच्या मनात दुसरंच होतं. त्यानं ऑनलाइन एक टो हुकवालं ब्रॅकेट आधीच मागवून ठेवलेलं. गाडी ओढायचा हुक लावायला बंपरवर एका बाजूला छोटं चौकोनी झाकण असते, त्याच्या आतल्या आट्यांत एक दांडा फिरवून बसवायचा अन् त्याच्यावर प्लेट. कल्पना चांगली आहे, बंपरला भोक पाडावं लागत नाही, प्लेट आपोआप बाजूला जाते अन् पुढंही येते. दिसते पण झकास. काही गाड्यांत ते आटे उलटे असतात, फोक्सवॅगन-स्कोडाच्या घराण्यात तर हमखास, तेव्हा जोर लावून आटे खराब करू नका. आम्ही बसवून पाहिलं. हायवेवर ठीक, पण फाट्यापासून गावापर्यंतचा जो रस्ता आहे त्याच्यावर एका दांड्यावर लोंबलेली अर्धा मीटरची प्लेट अशी थरथरून राहिली की माशा हाकलणारी शेपटीच. वाऱ्याचा जोरही लहान नसते. प्लेट एक मिलिमीटर जाड अ‍ॅल्युमिनियमची, वजन भरते १६० ग्रॅम, पण १२० च्या वेगाला तिच्यावर हवेचा भार चार किलोच्या आसपास बसते, स्वतःच्या वजनाच्या पंचवीसपट, अन् तो सगळा एका आट्यावर पीळ देते. बरं, हे सगळं जमवलं तरी पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी फसली की ट्रॅक्टरला दोर बांधायला तेच भोक लागते. तिथं प्लेट लावून बसलो तर आधी प्लेट सोडा, मग हुक लावा, अन् तोवर गाडी अजून चार बोटं खाली. ते ब्रॅकेट आता माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेलं आहे.

कायद्याचं थोडक्यात. १ एप्रिल २०१९ पासून नवी गाडी हाय सिक्युरिटी प्लेट लावूनच येते, जुन्या गाड्यांनाही ती लावून घ्यावी लागते, अन् पुढं-मागं दोन्हीकडं पाहिजे. त्याच्यावर चक्राचा २० बाय २० मिलिमीटरचा होलोग्राम अन् लेझरनं कोरलेला नंबर असते. म्हणून ती कापायची नाही, वाकवायची नाही, हवा जावी म्हणून भोकं पाडायची तर अजिबात नाही, अन् काढून डॅशबोर्डवर ठेवायची नाही. एकानं मला विचारलं बोनेटवर स्टिकर चालेल का. जॅग्वार ई-टाइप नावाची १९६१ ची गाडी आहे, तिचं तोंड इतकं लहान अन् गोल की ब्रिटनमध्ये तिचा नंबर सरळ बोनेटच्या नाकावर चिकटवत, प्लेट लावली तर तोंडच बंद. तिचं तिला शोभलं, आपल्याकडं स्टिकर म्हणजे पावती. मागं कलती करून लावायचाही एक शौक आहे पोरांमध्ये, त्यानं हवेला काही फायदा होत नाही, फक्त नंबर वाचता येत नाही, अन् बहुतेक वेळा तोच उद्देश असते.

आता अडचण ही होती की प्लेटचं स्नॅप लॉक एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही अन् तोडलं की तेच परत लागत नाही. भाच्याची प्लेट त्या दळभद्री फ्रेमवरच लॉक झालेली. मग प्लेटला हात न लावता फ्रेमचीच कानं कापली, हॅकसॉच्या पातीनं हळूहळू, चारी बाजूनं प्लेटच्या कडेपर्यंत, मधात टॉवेल घालून, म्हणजे प्लेटवर ओरखडा नको. मागं उरली प्लेटच्या मापाची फळी. ज्याची गाडी नवी आहे त्यानं प्लेट बसवणाऱ्याकडं जायच्या आधीच ब्रॅकेट तयार ठेवावं अन् त्याच्यावरच लॉक मारून घ्यावं, मग पुढं कधी बंपर काढायचा झाला तर ब्रॅकेटचे नट सोडले की झालं.

ब्रॅकेटला मी ३ मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घेतली, दोन तुकडे, झेडसारखे वाकवले, म्हणजे प्लेट पट्ट्याच्या पुढं चार सेंटिमीटर उभी राहते अन् जो तीन सेंटिमीटरचा भाग तोंडावर येते त्याच्या मागून हवा जाऊ शकते. पट्ट्या उभ्या ठेवल्या, आडव्या नाही, आडवी पट्टी स्वतःच हवा अडवते. दोन पट्ट्यांमधलं अंतर जेवढं जास्त तेवढी थरथर कमी, म्हणून प्लेटच्या दोन्ही टोकांकडून चौथ्या हिश्श्यावर धरल्या. ६ मिलिमीटरचे स्टीलचे बोल्ट, नायलॉनवाले नट, अन् मधात जुन्या ट्यूबचे कापलेले रबरी वायसर, त्यानं खडखड मरते अन् स्टील-अ‍ॅल्युमिनियम एकमेकाला खात नाही. टोकं घासून गोल केली, रस्त्यावर कोणाला लागलं तर कापू नये.

अन् ड्रिल मारायच्या आधी एकदा नाही दोनदा मागं पाहा. ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खूण करा, प्लास्टिक फुटलं की थांबायचं. अर्धा इंच जास्त गेलं अन् कंडेन्सरच्या नळीला लागलं तर गॅस सुर्रकन उडून जाते, मग मे महिन्यात बिगर एसीचं फिरा. ज्या गाड्या समोरची गाडी पाहून आपोआप ब्रेक मारतात त्यांच्या बंपरमागं रडार असते, पुष्कळदा खालच्या ग्रिलच्या मधातच, काळ्या सपाट चौकोनामागं. त्याच्यासमोर प्लेट, पट्टी, स्टिकर काहीच नको. पार्किंगचे गोल सेन्सर असले तर प्लेट फार पुढं काढू नका, नाहीतर गाडी स्वतःच्याच प्लेटला पाहून दिवसभर ठणाणा करते. आमच्या गाडीत रडार नव्हतं, सेन्सर कोपऱ्यांत होते, निभलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शाईचा पाइप लावून गेलो. त्याच टप्प्यात, त्याच वेळेला, १२० ला पाणी तीनच्या वर. पहिल्यापेक्षा दुप्पट. काटा मधात येऊन बसला, एसी गार, अन् भाच्यानं एकदा पाय दाबला तर मी सीटमध्ये रुतलो, शाई सांडली ती वेगळी. उन्हाची हवा १२ डिग्रीच्या हवेपेक्षा दहा टक्के पातळ असते, ते काही ब्रॅकेटनं भरून निघत नाही, तेव्हा डिसेंबरसारखी ओढ मे महिन्यात मागू नको म्हणून त्याला सांगितलं. दोनशे किलोमीटर झाले की बोल्ट एकदा आवळायलाही सांगितलं, आवळले का नाही देव जाणे.

निघताना बहीण आली, गाडीभोवती एक चक्कर मारली अन् खालच्या मोकळ्या तोंडाकडं पाहून म्हणे, "काहून रे दादा, प्लेट वर नेली, आता लिंबू-मिरची कुठं बांधू?" मी म्हटलं बांध प्लेटच्याच बोल्टला. तिनं बांधली, बरोबर इंटरकूलरच्या मधोमध लोंबते. एक लिंबू, सात मिरच्या, वीस-पंचवीस चौरस सेंटिमीटर धरा. तेवढं मी मोजलं नाही.